गोदामाची किल्ली कोणाकडे?

गेल्या पौषात आमच्या फीडरला रात्रीची लाइन होती. हरभरा घाट्यावर आलेला, ओलीत चुकवून चालणार नव्हतं, म्हणून पुतण्या आणि मी आठवडाभर वावरातच मुक्कामाला होतो. तुषारचे पाइप दर तीन तासांनी उचलायचे, चिखल तुडवत पुढच्या पट्ट्यात न्यायचे, नोझलमध्ये अडकलेला कचरा काडीनं काढायचा आणि पुन्हा मोटर सुरू करायची. मधला वेळ मचाणावर. रानडुकरं धुऱ्यापर्यंत आली की बॅटरी मारायची, डबा वाजवायचा. उरलेल्या वेळात पुतण्यानं मोबाइलवर ‘द एक्सपान्स’ ही अंतराळातली मालिका लावलेली असायची. एका रात्री पडद्यावर मार्को इनारोस नावाचा पुढारी बोलत होता. त्याचं भाषण संपलं, पुतण्यानं घोंगडं सारखं केलं आणि म्हणाला, “काका, हा तं आपलाच माणूस वाटते.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. कारण पोरगा चुकीचं बोलला नव्हता.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जेम्स एस. ए. कोरी या नावानं डॅनियल एब्रहम आणि टाय फ्रँक हे दोघे मिळून लिहितात. २०११ ते २०२१ या काळात त्यांनी या मालिकेच्या नऊ कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांच्यावरून टीव्हीवर सहा सीझन आले. काही शे वर्षांनंतरचा काळ आहे. माणूस सूर्यमालेत पसरला आहे. पृथ्वी आहे, मंगळ आहे, आणि या दोघांच्या पलीकडे लघुग्रहांचा पट्टा, म्हणजे बेल्ट. बेल्टमधली माणसं खनिज खणतात, शनीच्या कड्यांतून बर्फ आणतात, जहाजं जोडतात. पिढ्यान्‌पिढ्या कमी गुरुत्वात वाढल्यानं त्यांची हाडं लांब आणि ठिसूळ झालेली. पृथ्वीवर उतरले तर स्वतःच्याच वजनाखाली दबून जातील. आणि या लोकांना श्वासाची हवा आणि प्यायचं पाणी विकत घ्यावं लागतं. सेरेस नावाचा त्यांचा सगळ्यात मोठा लघुग्रह. मालिकेच्या सुरुवातीलाच एक वक्ता चौकात उभा राहून सांगतो की सेरेसवर एकेकाळी बर्फच बर्फ होता, पृथ्वी आणि मंगळानं तो खरवडून नेला. आता त्याच सेरेसवर बाहेरून आणलेलं पाणी मोजून मिळतं.

हे आम्ही कुठे ऐकत होतो? कोळसा ज्या भागातून निघतो त्या भागातल्या वावरात, रात्रीच्या लाइनची वाट बघत. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. शिवाय कोराडी आहे, खापरखेडा आहे. राख आमच्या अंगणात, उन्हाळ्यात ४७ अंश आमच्या डोक्यावर, आणि मोटर चालवायला लाइन रात्री. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण झालं ते ओलितासाठी, आणि पुढे त्यातलंच पाणी औष्णिक वीज प्रकल्पाला देण्यावरून अमरावतीच्या शेतकऱ्यांना रस्त्यावर यावं लागलं. गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ साली झालं, तेव्हा अंदाज होता ३७२ कोटींचा. नंतर तो आकडा हजारो कोटींत गेला आणि जेव्हा पायाभरणी झाली तेव्हा जन्मलेली पोरं आता स्वतः बाप झाली आहेत. सेरेसच्या चौकातल्या त्या वक्त्याचं भाषण आमच्या तालुक्याच्या बसस्टँडवर कुणी केलं तर नावं तेवढी बदलावी लागतील.

म्हणून मार्को पोराला आपला वाटला. त्याची भीतीही खरी आहे. कथेत पुढे अंतराळात एक प्रचंड कडं, म्हणजे दूरच्या ताऱ्यांकडे नेणारं दार, उघडतं आणि तेराशेहून अधिक नव्या सूर्यमालांची वाट मोकळी होते. पृथ्वी-मंगळाचे लोक जहाजं भरभरून तिकडे निघतात. मोकळ्या आकाशाखाली खणायला मिळालं तर बेल्टचं खनिज कोण घेणार? आणि बेल्टची माणसं त्या ग्रहांवर राहू शकत नाहीत, त्यांची हाडं साथ देणार नाहीत. मार्को हेच सांगतो, की आता आपण कुणाला नको आहोत. २०२५च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे नेमका आमची पहिली-दुसरी वेचणी घरात येण्याचा काळ. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ८,११० रुपये. गावात व्यापाऱ्यानं काय भाव केला ते ज्यानं गाठोडं काट्यावर ठेवलं त्याला ठाऊक आहे. त्या रात्री आमच्या माजघरात रचलेल्या कापसाकडे बघून मलाही वाटलं होतं, आता आपण कुणाला नको आहोत.

मग मार्को काय करतो? मंगळाच्या सैन्यातून चोरीला गेलेलं, रडारला न दिसणारं आवरण चढवून लघुग्रहांचे दगड पृथ्वीवर फेकतो. लाखो माणसं त्या घावानं मरतात, पुढे उपासमारीनं आणखी कितीतरी. ‘फ्री नेव्ही’ नावाचं स्वतःचं नौदल जाहीर करतो आणि म्हणतो, बेल्टचा मालक आता बेल्ट. सेरेसवर त्याचा जयजयकार होतो. आणि काही महिन्यांत पृथ्वी-मंगळाचं संयुक्त आरमार सेरेसकडे निघाल्यावर हाच मार्को सेरेस सोडून जातो. जाताना गोदामं रिकामी करतो. धान्य, औषधं, सुटे भाग, सगळं जहाजांवर चढवून घेऊन जातो आणि लाखो बेल्टवासी तिथेच ठेवतो. हिशेब असा की शत्रू येईल आणि त्याला या उपाशी लोकांना खाऊ घालावं लागेल, त्यात तो अडकून पडेल. स्वतःच्या माणसांची भूक त्यानं शत्रूच्या गळ्यात धोंड म्हणून बांधली.

कथेतली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची जागा हीच आहे. पृथ्वीवर दगड पडले ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. रिकाम्या गोदामाचं कुणी फारसं बोलत नाही.

पुतण्याला मालिकेतली बेल्टची कप्तान कॅमिना ड्रमर आवडते, मला मिचिओ पा. २०१६च्या कादंबरीत ही बाई मार्कोच्याच नौदलातली कप्तान आहे. दूर निघालेली वसाहतींची जहाजं अडवायची, त्यांच्यातला माल जप्त करायचा आणि बेल्टच्या गरजू वस्त्यांना वाटायचा, हे काम तिच्याकडे. ती ते मनापासून करते, तिचा मार्कोवर विश्वास आहे. सेरेस ओरबाडल्यावर आणि जमवलेला माल लपवून ठेवायचा हुकूम आल्यावर तिच्या लक्षात येतं की वाटप आता होणार नाही. ती फुटते. पृथ्वीच्या बाजूला जायचं म्हणून फुटत नाही, माल ज्यांच्या नावानं जमा केला त्यांच्या दारात नेऊन टाकायचा म्हणून फुटते. मार्को तिला गद्दार ठरवतो आणि तिच्यामागे जहाजं लावतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. पुढाऱ्याचं गाऱ्हाणं खरं आहे की खोटं, हे पाहून आपण थांबतो. तिथे थांबू नये. गाऱ्हाणं खरं निघालं की उलट जास्त डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण खोट्या गाऱ्हाण्याचा पुढारी दोन निवडणुकांत उघडा पडतो, खऱ्या गाऱ्हाण्याच्या पुढाऱ्याला आपणच झाकतो. त्याला विचारायचा प्रश्न असा आहे: गोदामाची किल्ली कोणाकडे आहे आणि ती मागणाऱ्याला तू काय म्हणतोस?

मी वेगळ्या विदर्भाचा माणूस आहे, हे आधी सांगून टाकतो. विदर्भाला महाराष्ट्रात घेण्यासाठी झालेला १९५३चा नागपूर करार मी शाळेतल्या पोरांना वाचून दाखवलेला आहे. १९५५ साली फाजल अली आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं, हे मी वादात पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. तरीही मला हे बोलावं लागतं, की ‘बाहेरच्यांनी लुटलं’ या वाक्याआड आम्ही घरातली बरीच कपाटं झाकून ठेवली. मारोतराव कन्नमवार चंद्रपूरचे. वसंतराव नाईक पुसदचे, १९६३ ते १९७५ सलग मुख्यमंत्री. त्यांच्याच घरचे सुधाकरराव नाईक पुन्हा १९९१ ते १९९३. पुढे नागपूरचे देवेंद्र फडणवीस. वसंतरावांच्या काळात कापूस एकाधिकार खरेदी आली, अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं, रोजगार हमीची सुरुवात झाली, आणि मी ते काम लहान मानत नाही. पण ज्या यवतमाळ जिल्ह्यानं राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, त्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबानं १९ मार्च १९८६ला सामूहिक आत्महत्या केली आणि त्या दिवशी आजही लोक अन्नत्याग करतात. त्याच जिल्ह्यात २०१७ला फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. सत्तेच्या खुर्चीत आपला माणूस बसला म्हणून वावरातल्या माणसाच्या नाकावरचा रुमाल बदलला नाही.

वेगळ्या विदर्भासाठी लढणाऱ्या जांबुवंतराव धोट्यांना लोकांनी ‘विदर्भाचा सिंह’ म्हटलं. ते प्रेम खरं होतं, त्यांच्या सभांना बैलबंड्या जुंपून लोक येत असं जुनी माणसं सांगतात. मला त्या प्रेमाबद्दल काही म्हणायचं नाही. मला त्या पदवीबद्दल म्हणायचं आहे. सिंहाला कुणी वहीखातं मागत नाही. आम्ही पुढाऱ्याला सिंह, वाघ, ढाण्या वाघ करतो आणि मग तो जे करील ते जंगलाचा कायदा म्हणून मान्य करतो. मार्कोही तसाच आहे. देखणा, बोलायला तिखट, चुकला की दुसऱ्याचं नाव पुढे करणारा. त्याचा मुलगा फिलिप बापाची मान हलावी म्हणून काय काय करतो! एका रात्री सेरेसवर दारूच्या भरात स्वतःच्याच मित्रावर गोळी झाडतो, आणि बाप ते झाकून टाकतो. पुढाऱ्याच्या पोराचा गुन्हा कसा झाकला जातो, हे बघताना आम्हा दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

आणि मार्कोची क्रांती ज्या जहाजांवर चालली ती जहाजं मंगळाच्या एका बंडखोर अधिकाऱ्यानं दिली होती. त्याचा हेतू वेगळाच होता, त्याला एका नव्या जगावर स्वतःचं राज्य उभारायचं होतं आणि त्यासाठी इकडे गोंधळ हवा होता. आपल्या मोर्च्याच्या ट्रॅक्टरात डिझेल कोण भरतं, हे विचारण्याची सवय आपल्याकडे नाही. असायला हवी.

आता याला एक जबरदस्त उत्तर आहे, आणि ते पुतण्यानंच मला दिलं. तो म्हणाला, काका, दगड पडले म्हणून तर बेल्टले भेटलं ना! शेवटी कड्यातून जाणाऱ्या वाहतुकीचा कारभार बेल्टवाल्यांच्या हाती येतो, ट्रान्सपोर्ट युनियन तयार होते, ड्रमर तिची अध्यक्ष होते. त्याआधी अँडरसन डॉजनं वर्षानुवर्षं कामगारांना जोडलं, फ्रेड जॉन्सननं वाटाघाटी केल्या, काय हाती लागलं? हा प्रश्न मी उडवून लावत नाही. शांतपणे निवेदन देणाऱ्याचं निवेदन तहसीलच्या टेबलावर कसं पडून राहतं ते मला माहीत आहे, माझी स्वतःची तीन पडून आहेत.

पण युनियन मिळाली ती दगडांमुळे की मार्कोच्या विरोधात उभ्या राहिलेल्या बेल्टवाल्यांमुळे? ज्यांनी त्याला थांबवायला जहाजं घातली, माणसं गमावली, त्यांच्याशी पृथ्वीला बसून बोलावं लागलं. मार्कोशी बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शेतकरी आंदोलनं मी जवळून पाहिली आहेत. शरद जोशींच्या काळात लोक रस्त्यावर बसले, तुरुंगात गेले, स्वतःचा माल रोखून धरला. त्यात पहिला तोटा स्वतःचा होता. कापूस आपला, दिवस आपला, पाठीवरची काठी आपली. मार्कोच्या आंदोलनात पहिला तोटा पृथ्वीवरच्या त्याच्यासारख्याच गरिबांचा, दुसरा सेरेसवरच्या त्याच्याच माणसांचा, आणि त्याचा स्वतःचा तोटा सगळ्यात शेवटी. दोन्हीला संघर्ष हा एकच शब्द लावला की पोरांची दिशाभूल होते.

गडचिरोलीत तर ही गोष्ट कादंबरीतली उरतच नाही. जंगलाच्या माणसाचं गाऱ्हाणं इंग्रजांच्या काळापासून खरं. तेंदू आणि बांबूचे पैसे कुठे गेले, हा प्रश्न खरा. त्या खऱ्या प्रश्नावर बंदूक घेतलेल्यांनी ‘खबरी’ म्हणून किती आदिवासींनाच मारलं! १ मे २०१९ला कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याच्या रस्त्यावर सुरुंग फुटला तेव्हा पंधरा पोलीस आणि त्यांच्या खासगी गाडीचा ड्रायव्हर गेला. तो ड्रायव्हर कोणत्या वर्गाचा शत्रू होता?

आणि त्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा-लेखा आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या गावानं दिली. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. हक्क मिळूनही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी भांडावं लागलं, आणि २०११च्या एप्रिलमध्ये तो परवाना देण्याचा अधिकार केंद्रीय मंत्र्याला गावात येऊन ग्रामसभेच्या हाती द्यावा लागला. गावाचे पुढारी म्हणून देवाजी तोफांचं नाव सगळे घेतात. पण त्या गावाची रीत अशी की निर्णय बहुमतानंसुद्धा होत नाही, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बसायचं. एकजण नाही म्हणाला तर विषय पुढच्या बैठकीला. अभ्यास गट वेगळा, तिथे बाहेरचा माणूस बोलू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभेचा. हे कंटाळवाणं आहे, मान्य. यावर मालिका निघणार नाही. पण तिथे बांबूच्या पैशाचा हिशेब मागणारा गद्दार ठरत नाही, कारण हिशेब मागणं हेच तिथलं रोजचं काम आहे. क्रांतिकारी पुढारी कसा असावा असं मला कुणी विचारलं तर मी त्या गावाकडे बोट दाखवीन, जिथे पुढाऱ्याला एकट्यानं निर्णय घेताच येत नाही.

पुतण्याला मी हे सगळं एका रात्रीत सांगितलं नाही. पाइप बदलता बदलता, चार रात्री. तो ऐकत होता, मधूनच भांडत होता. “म्हंजे आपल्याच मान्सावर संशय घ्याचा काय?” तो म्हणाला. मी म्हटलं, संशय घेऊ नको, वही माग. वही मागितल्यानं जो चिडतो त्याच्याकडे मग नीट बघ.

आमच्या गावात दोन वर्षांपासून पाण्याची टाकी उभी आहे. निळा रंग दिलेला, पायथ्याला फलक, घरोघरी नळाची तोटी. पाणी आलं ते चाचणीच्या दिवशी, तासभर. सरपंच आमच्याच पॅनलचा. कापसाच्या भावासाठी त्यानं रस्ता अडवला तेव्हा त्याच्या खांद्यावर काठी बसलेली मी पाहिली आहे, मीच त्याला मोटरसायकलवर दवाखान्यात नेलं होतं. खरा माणूस. त्याचं गाऱ्हाणंही खरं. टाकीचं विचारलं की तो जिल्ह्याकडे बोट दाखवतो, जिल्ह्यानं मुंबईकडे दाखवलं असं सांगतो, आणि मग विदर्भावर कसा अन्याय होतो यावर बोलतो. ते सगळं बरोबरच असतं, त्यामुळे पुढे कुणी काही विचारत नाही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली, आणि पुतण्या उभा राहिला. कामाची मोजमाप पुस्तिका आणि निघालेल्या बिलांची नक्कल ग्रामसभेसमोर ठेवा, म्हणाला. मंडपात खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. सरपंच त्याच्याकडे बघून म्हणाला, “तू कोनाकडून बोलून रायला रे बाबू?”

पुतण्या म्हणाला, “माह्या मायकडून. थे आजबी हिरीवर जाते.”

मागे बसलेल्या बायांमध्ये कुजबुज झाली. ग्रामसेवकानं सांगितलं की पुस्तिका पंचायत समितीत आहे. एका म्हाताऱ्या बाईनं, जिचा नवरा आणि मुलगा दोघेही आता नाहीत, उभं राहून सांगितलं की मग आणा, आम्ही बसतो. ठराव लिहायला अर्धा तास गेला. सरपंचानं सही केली, माझ्याकडे न बघता.

पुस्तिका आली नाही. मग पुतण्यानं माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला, दोनदा खोडून, तिसऱ्यांदा स्वच्छ अक्षरात. त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट मी लावलं. त्या सरपंचाच्या प्रचाराला घरोघरी फिरणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो.